मूलनिष्ठेचा रंग

चित्रकथेचे पडद्यावर रूपांतर होताना पात्राच्या केसांचा मूळ रंग राखलाच पाहिजे, हा आग्रह वरकरणी संहितानिष्ठेचा वाटतो. तांबड्या केसांच्या जिमी ऑल्सनची भूमिका 'सुपरगर्ल' मालिकेत (२०१५) मेहकॅड ब्रूक्स या कृष्णवर्णीय नटाकडे आली, तेव्हा तो पुढे करण्यात आला. 'टायटन्स'मध्ये (२०१८) स्टारफायरची भूमिका करणाऱ्या अ‍ॅना डिऑपला तर वांशिक शिवीगाळ सोसावी लागली. वस्तुतः स्टारफायर ही परग्रहावरील, नारिंगी कातडीची स्त्री. तिच्या जागी गोरी नटी आली असती तरी मूळ रंग राखला गेला नसताच. पण तिला कोणी परकी म्हटले नसते.

चित्रकथेतील रंग ही मुळात एक चिन्हव्यवस्था आहे. स्वस्त छपाईच्या मोजक्या शाईंत, ठोकळेबाज रेषांत, पात्रे चटकन वेगळी ओळखू यावीत म्हणून केस भडक रंगविले जात. ऑल्सनच्या तांबड्या केसांचे कार्य बव्हंशी एवढेच. ते गेल्याने कथार्थाला बाध येत नाही.

आता आपल्याकडे पाहावे. महाभारतातील सत्यवतीचे एक नाव काली; ती दाशराजाघरी वाढलेली, नाव वल्हविणारी. तिचा पुत्र कृष्ण द्वैपायन. द्रौपदीचे नावच कृष्णा. येथे वर्ण संहितेने उच्चारलेला आहे. तरीही १९६७ साली सुरू झालेल्या 'अमर चित्र कथा'ने नायिका बहुधा गोऱ्या आणि असुर काळे रंगविले, बी. आर. चोप्रा यांच्या मालिकेतील (१९८८-९०) द्रौपदीही उजळच. या बदलावर मूलनिष्ठेच्या नावाने गदारोळ झाला नाही.

कोणी म्हणेल, रंग हे केवळ चिन्ह असेल तर कालीच्या वर्णाचा हट्ट का? कारण चिन्हाचे मोल त्याच्या कार्यावरून ठरते. कुरुवंश एका सावळ्या नावाडी मुलीच्या कुशीतून पुढे चालतो, हा महाभारतातील सत्तासंबंधाचा गाभा आहे; तिला गोरी केले की तोच पुसला जातो. यमुनेकाठचे दाश आणि उरणजवळच्या करंजा बंदरातील कोळी एक नव्हेत, हे मान्य. परंतु करंजाची एखादी मुलगी हे चित्र पाहते तेव्हा नावेवर आपल्यासारखी कोणीच तिला दिसत नाही. मूलनिष्ठेचे आपले समर्थक या बदलाविषयी बोलत नाहीत, तोवर त्यांच्या निष्ठेचा विषय संहिता नसून गोरेपणा आहे, असेच म्हणावे लागेल.