लोडर ट्रकवर चढवण्याआधी वजनाचा हिशेब करा

झाडे तोडणे, फांद्या छाटणे आणि वादळात पडलेली झाडे उचलणे हा धंदा आपल्या समाजातील अनेकजण करतात. कुणाची लाकडाची वखार आहे, कुणाची सॉ मिल, तर कुणी नगरपालिकेचा किंवा हाउसिंग सोसायट्यांचा ठेका घेतो. पूर्वी या धंद्याला कुऱ्हाड, करवत, दोरखंड, एक भाड्याचा ट्रक आणि दहा-बारा मजूर एवढे भांडवल पुरत असे. मग चेनसॉ आली आणि झाड आडवे करण्याचे काम तासांवरून मिनिटांवर आले. आता छोटा लोडर येत आहे. आठ माणसांनी बल्ल्या लावून लोटायचा ओंडका तो एकटा उचलतो आणि अरुंद गल्लीतही फिरतो. यंत्र चांगले आहे, ते घ्यावे, याबद्दल आमचे दुमत नाही. पण यंत्र घेताना त्याची किंमत, डिझेलचा खर्च आणि दुरुस्ती यांची चौकशी होते. ते रोज कामावर न्यायचे कसे, हा प्रश्न मात्र यंत्र दारात उभे राहिल्यावर पडतो. आमच्या मते हा प्रश्न सर्वांत आधी विचारला पाहिजे. या धंद्यातील नफा आणि मजुराचा जीव, दोन्ही या वाहतुकीत अडकलेले आहेत.

या यंत्राचा जन्म अमेरिकेत मिनेसोटा राज्यात झाला. १९५७ साली सिरिल आणि लुई केलर या लोहारकाम करणाऱ्या भावांनी टर्की कोंबड्या पाळणाऱ्या एका शेतकऱ्यासाठी, त्याच्या खुराड्यातील घाण काढता यावी म्हणून, हलका तीनचाकी लोडर बनवला. पुढे मेलरो कंपनीने तो हाती घेतला आणि त्यातूनच बॉबकॅट हे नाव पुढे आले. आज आपल्याकडे साइटवर कोणत्याही कंपनीच्या अशा यंत्राला सर्रास बॉबकॅटच म्हणतात. बसून चालवायच्या सर्वांत लहान लोडरचे वजन सुमारे १,३०० किलो असते, तर नेहमी दिसणारे लोडर साधारण २,४०० ते ३,००० किलोंचे असतात. मागे फळीवर उभे राहून चालवायचा त्याहून लहान प्रकारही आहे. तिकडच्या झाडकाम करणाऱ्यांच्या ट्रकमागे फांद्यांचा भुसा करणारे यंत्र जोडलेले असते. मागचा हुक असा अडकल्यामुळे लोडरचा ट्रेलर ओढता येत नाही, म्हणून लोडर ट्रकवरच चढवावा लागतो. आपल्याकडे कारण वेगळे आहे. लहान ट्रकमागे नोंदणीकृत ट्रेलर ओढण्याची पद्धत आपल्या ठेकेदारांत फारशी रुजलेली नाही आणि गल्लीबोळात तो वळवणेही अवघड. पण प्रश्न शेवटी तोच उरतो.

लोडर स्वतःच्या चाकांवर रस्त्याने नेता येत नाही का? त्याचा वेग तासाला दहा-बारा किलोमीटर. वळताना तो चाके घासत वळतो, त्यामुळे डांबरी रस्त्यावर टायर लवकर संपतात. शिवाय रस्त्यावर आणायचे तर नोंदणी आणि विमा हवाच. दुसरा मार्ग म्हणजे दर वेळी भाड्याचा मोठा ट्रक मागवणे. महिन्यात दोनच कामे असतील तर हे परवडते. पण पावसाळ्याच्या तोंडावर रोज दोन ठिकाणी काम असेल तर भाड्यातच नफा जातो. राहिला स्वतःचा ट्रक. तोच मार्ग बहुतेकांना सोयीचा आहे आणि चुका होतात त्याही तिथेच.

आता हिशेब मांडू. समजा, तुमच्या ट्रकच्या आर. सी. बुकात एकूण वजन ७,४९० किलो आणि रिकाम्या गाडीचे वजन ३,३०० किलो लिहिले आहे. म्हणजे ४,१९० किलोंचे पासिंग. लोखंडी पाटे, साखळ्या आणि कड्या यांचे ३०० किलो धरा. पाच माणसे, चेनसॉ, दोर, डिझेलचे कॅन यांचे ४९० किलो धरा. उरले ३,४०० किलो. लोडर २,४०० किलोंचा असेल तर लाकडासाठी फक्त १,००० किलो उरतात. ताज्या तोडलेल्या लाकडात पाणी भरपूर असते. त्याच्या एका घनमीटरचे वजन साधारण ८०० ते १,००० किलो भरते. म्हणजे जेमतेम एक घनमीटर लाकूड. तोच लोडर १,३०० किलोंचा असता तर २,१०० किलो लाकूड आले असते. एवढ्या हिशेबाला कागद-पेन्सिल पुरते, पण शोरूममध्ये तो कुणी करून देत नाही. विकणारा यंत्र किती उचलते ते सांगतो; आपला ट्रक किती उचलतो हे आपण पाहायचे असते.

म्हणून आमचे पहिले मत असे की, लोडर ट्रकला पाहून घ्यावा. मोठा लोडर घेऊन नंतर त्याच्यासाठी मोठ्या ट्रकचे कर्ज काढणे म्हणजे बटणासाठी शेरवानी शिवणे होय. वाड्या-सोसायट्यांच्या आवारात बहुतेक कामे लहान यंत्राने होतात. ओंडका जड वाटला तर तो तीन ठिकाणी अधिक कापावा. चेनसॉ हातात आहेच.

दुसरे मत काहींना कडू लागेल. ज्या खेपेत लोडर चढला त्या खेपेत हौदा लाकडाने भरू नये. हिशेबात बसेल तेवढेच लाकूड घ्यावे, बाकीच्यासाठी दुसरी खेप करावी. "एवढ्याने काय होते, चालते," असे म्हणत लोडरच्या चारही बाजूंनी ओंडके आणि वर फांद्या रचल्या जातात. वरच्या उदाहरणात मोठ्या लोडरसह ३,००० किलो लाकूड भरले तर गाडी दोन टन जादा भरली. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने अशा भाराला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड ठरवला आहे. म्हणजे २४,००० रुपये, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे नेता येत नाही. माल हौद्याच्या बाहेर ठरलेल्या मर्यादेपलीकडे आला तरी २०,००० रुपयांचा दंड आहे. एका खेपेच्या डिझेलसाठी ही जोखीम कोणता शहाणा व्यापारी घेईल? दंड चुकला म्हणून ब्रेक आणि टायर जादा वजन माफ करत नाहीत. मापात खोट करणाऱ्यांना आपल्या दीनने कडक इशारा दिला आहे. तो फक्त किराणा दुकानाच्या तराजूपुरता आहे असे समजू नये. कागदावर एक वजन आणि रस्त्यावर दुसरे, हीही मापातली खोटच आहे.

वाहनचालकाच्या परवान्याची बाबही याच हिशेबात येते. हलक्या वाहनाचा परवाना असलेला चालक ७,५०० किलोंपर्यंतचे मालवाहू वाहन चालवू शकतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे. त्याहून मोठा ट्रक घेतला तर चालकाचा परवाना आधी पाहा. अपघात झाल्यावर विमा कंपनी परवाना, पासिंग आणि भार हे तीन कागद सर्वांत आधी मागणार. त्यासोबत झाड तोडण्याची परवानगीही गाडीत ठेवावी. महाराष्ट्रातील शहरी भागात १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि लाकडाने भरलेली गाडी अडवली गेली की ती दाखवावी लागते.

आता चढवण्याविषयी. ट्रकचा तळ जमिनीपासून चार फूट आणि पाटे आठ फुटांचे असतील तर चढ ३० अंशांचा होतो. पावसात, चिखलाच्या चाकांनी, ३० अंशांवर यंत्र चढवणे हा जिवाशी खेळ आहे. तोच चढ १५ अंशांवर आणायचा तर पाटे साडेपंधरा फूट हवेत. एवढे लांब पाटे ठेवायला जागा नसेल तर ट्रकची मागची चाके सखल जागी उभी करावीत किंवा रस्त्याकडेच्या उंचवट्याचा आधार घ्यावा. मग कमी लांबीचे पाटेही चालतात. बादली रिकामी असताना लोडरचे वजन मागे, इंजिनाच्या बाजूला असते. जड बाजू नेहमी चढाकडे हवी. म्हणून लोडर मागे मागे चढवावा आणि उतरवताना पुढे तोंड करून उतरवावा. अनेकजण याच्या उलट करतात आणि अर्ध्या चढावर पुढची चाके उचलली गेली की घाबरतात. यंत्र फाळक्याच्या कडेला येते तेव्हा त्याचे सारे वजन ट्रकच्या शेपटीवर असते. त्या वेळी मागे दोन मजबूत आधार लावलेले असावेत, नाहीतर ट्रकचे तोंड हलके होते. पाट्यांच्या मागे किंवा बाजूला त्या वेळी एकही माणूस उभा राहू नये.

चढल्यावर लोडर मागच्या चाकांच्या आसावर किंवा किंचित पुढे उभा करावा, बादली तळाला टेकवावी, ब्रेक लावावा, चाकांना लाकडी ठोकळे द्यावेत आणि चारही कोपऱ्यांना साखळीने किंवा चांगल्या रॅचेट बेल्टने बांधावा. सुताचा दोर आणि नायलॉनची रस्सी हे फांद्या बांधायला ठीक. अमेरिकेच्या नियमात मालाच्या बांधणीने पुढच्या दिशेला मालाच्या वजनाच्या ८० टक्के आणि बाजूंना ५० टक्के जोर सोसावा, असे धरले आहे. १,३०० किलोंच्या लोडरला हा पुढचा जोर १,०४० किलोंचा होतो. एकाएकी ब्रेक दाबला की एवढा जोर थेट चालकाच्या पाठीमागे येतो. उंट आधी बांधा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही पैगंबर मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. न बांधलेला लोडर घेऊन घाट उतरणाऱ्याने आपल्या बेपर्वाईला तवक्कुलचे नाव देऊ नये.

आणि लोडरवर किंवा लाकडाच्या ढिगावर मजूर बसवून आणणे आता बंद झाले पाहिजे. ज्याची मजुरी घाम वाळण्यापूर्वी द्यायची, त्याला संध्याकाळी घरी सुखरूप पोचवणे हाही मालकाच्या जबाबदारीचाच भाग आहे. केबिनमध्ये नियमाने बसतील तेवढीच माणसे ट्रकमधून, बाकीची रिक्षाने किंवा एस. टी.ने. हा खर्च ठेक्याच्या दरात धरावा. दर वाढतो म्हणून हे सोडून देणारा ठेकेदार स्वस्त नसतो. तो आपला खर्च दुसऱ्याच्या मुलाबाळांवर टाकत असतो.

आपल्या कारागीर बंधूंसाठी यात कामही आहे. गाड्यांच्या बॉडी बांधणारे, वेल्डिंग आणि फॅब्रिकेशन करणारे बरेच हात आपल्यात आहेत. दातेरी पकडीचे, हौद्याला हुकाने आणि साखळीने अडकणारे पाटे. शेपटीखालचे घडीचे आधार. तळाच्या आडव्या चॅनेलला प्लेट लावून बोल्टने घट्ट केलेल्या कड्या, हे सारे आपल्या वर्कशॉपमध्ये उत्तम होऊ शकते. मात्र अंदाजाने काम करू नये. प्रत्येक पाटा लोडरचे पूर्ण वजन एकटा पेलेल असा बनवावा, कारण चढताना यंत्र झटका देते आणि कधी एका बाजूला कलते. चॅसीवर मनाला येईल तिथे भोक पाडू नये, वेल्डिंगही करू नये. गाडीच्या मूळ रचनेत कायमचा बदल करायचा असेल तर आधी आर. टी. ओ.कडे विचारावे, कलम ५२ अशा बदलांना बंदी घालते आणि मालकाला दंड किंवा कैदही होऊ शकते. गिऱ्हाईक घासाघीस करू लागला तर पातळ पत्रा लावून भाव उतरवू नका, काम नाकारा. पाट्यावर तो किती वजनाचा आहे ते ठळक अक्षरांत कोरून द्या. त्यानेच तुमच्या वर्कशॉपचे नाव होईल.

भांडवलाचा प्रश्न राहतो. व्याजाचे कर्ज टाळू पाहणाऱ्या लहान ठेकेदाराला एकट्याने लोडर घेणे जड जाते. दोघा-तिघांनी भागीदारीत एक लहान लोडर आणि एक जोडी पाटे घेतले तर? दिवस वाटून घ्यावेत, दुरुस्तीचा वाटा ठरवावा आणि सगळे लिहून ठेवावे; व्यवहार लिहिण्याची ताकीद तर आपल्याला कुरआननेच दिली आहे. भागीदारांच्या ट्रकांची उंची वेगवेगळी असेल तर पाटे सर्वांत उंच ट्रकाच्या मापाने बनवावेत.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडकडचे रस्ते पडलेल्या झाडांनी अडले आणि नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्तेने मुंबईत असंख्य झाडे पाडली. अशा वेळी रस्ता मोकळा करणारा माणूस धंदा तर करतोच, शिवाय अडलेल्या रुग्णवाहिकेला वाट करून देण्याचे सवाबही कमावतो. पण त्यासाठी त्याचा लोडर घटनास्थळी धड पोचला पाहिजे. यंत्र विकत घेण्यापूर्वी एकदा आपला रिकामा ट्रक काट्यावर घाला, आर. सी. बुक उघडा आणि बेरीज-वजाबाकी करा. त्या कागदावर जो आकडा उरेल, तेवढाच लोडर तुमचा. त्यातच बरकत आहे.