दरवर्षी धोंड्याचा महिना

पंचांगातला अधिक महिना साधारण पावणेतीन वर्षांनी येतो आणि त्या महिन्यात जावयाला वाण देताना सासरा हात आखडता घेत नाही. मोबाइल कंपन्यांच्या पंचांगात मात्र हा महिना दरवर्षी येतो. २८ दिवसांचा महिना धरला की वर्षाला १३ रिचार्ज होतात, आणि १३ वेळा पैसे मोजूनही पदरात पडतात ते ३६४ दिवस. जावयाच्या पाटावर अर्थातच कंपनी बसलेली असते.

तालुक्याच्या गावी एसटी स्टँडासमोरच्या दुकानात उभे राहिले की हा व्यवहार नीट कळतो. गिऱ्हाइकाने नंबर सांगताच दुकानदार विचारतो, ‘‘अठ्ठावीसचा मारू की चौऱ्याऐंशीचा?’’ तुम्हाला नेट किती लागते, हे तो विचारत नाही. विचारून त्याचा तरी काय उपयोग? विकायला आहेत ते दिवस. डिसेंबर २००५ मध्ये ९९९ रुपयांत ‘आजन्म’ इनकमिंगची जाहिरात झाली होती. त्या आजन्माची दोरी २०१८च्या अखेरीस तुटली. खिशातल्या सिमकार्डाला जिवंत राहण्यासाठीही ३५ रुपयांचा महिना लागू झाला आणि पुढे तो आकडा वाढतच गेला. दरम्यान ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आले, फुकट डेटाची लाट आली, आणि तिच्यासोबत ‘रोज इतके जीबी’ हे मापही रुजले.

या मापात मेख आहे. जुलै २०२४च्या दरवाढीनंतरचे जिओचेच दरपत्रक घ्या. २८ दिवस, रोज दीड जीबी, २९९ रुपये. हाच प्लॅन वर्षात १३ वेळा मारला तर ३,८८७ रुपये होतात. त्याच दरपत्रकात ३६५ दिवसांसाठी रोज अडीच जीबी ३,५९९ रुपयांत मिळते. म्हणजे ज्याच्या खात्यात साडेतीन हजार रुपये एकरकमी निघतात, त्याला जास्त डेटा कमी पैशांत. आणि आठवड्याच्या मजुरीतून तीनशे रुपये बाजूला काढणाऱ्याने २८८ रुपये जास्त भरून कमी डेटावर भागवायचे. एकरकमी पैसे देणाऱ्याला थोडी सूट देणे हा बाजाराचा जुनाच रिवाज आहे, हे मान्य. पण इथे फरक थोडा नाही आणि तो दिसूही दिला जात नाही, कारण एका प्लॅनचे दिवस २८, दुसऱ्याचे ८४, तिसऱ्याचे ३३६. त्यातून त्रैराशिक मांडून बसायला गिऱ्हाइकाला सवड कुठली?

रोजच्या कोट्याची गोष्ट याहून वाईट. दीड जीबी गुणिले २८ म्हणजे ४२ जीबी, असे आपण मनाशी म्हणतो. प्रत्यक्षात मध्यरात्री १२ वाजता उरलेला डेटा बुडतो. भातलावणीच्या दिवसांत फोन दिवसभर घरी पडून असतो, तो डेटा गेला. रविवारी मुलगी स्पर्धा परीक्षेची व्याख्याने लावून बसते, तेव्हा संध्याकाळपर्यंत कोटा संपतो आणि वेग बहुतेक ठिकाणी ६४ केबीपीएसवर येतो. या वेगाने एक एमबीचा फोटो उतरायला दोन मिनिटे लागतात. मग १०-२० रुपयांचा जादा डेटा घ्यायचा. कालचे शिल्लक होते, आजचे विकत घेतले, आणि पैसे दोन्हींचे दिले. आठवड्यातला उरलेला डेटा शनिवार-रविवारी वापरू देणारे प्लॅन व्होडाफोन-आयडियाने आणले. म्हणजे तांत्रिक अडचण काही नाही. अडचण असलीच तर मनाची. जिओकडेही ३० दिवसांत हवा तसा वापरा अशा २५ जीबीचा ३५५ रुपयांचा प्लॅन आहे. तो दुकानदार स्वतःहून सुचवणार नाही. मागावा लागतो.

नियामक संस्था म्हणून ‘ट्राय’ने काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. २०२२ मध्ये तिने प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारा प्लॅन ठेवायला भाग पाडले. जिओचा ३१९ रुपयांचा महिनाभराचा प्लॅन त्याच जातीचा. रोजचा डेटा २९९ वाल्याइतकाच, आणि बारा वेळा भरून वर्षाला ३,८२८. डोळ्यांना वीस रुपये महाग दिसणारा हा प्लॅन वर्षअखेरीस ५९ रुपयांनी स्वस्त पडतो. बहुसंख्यांना तो ठाऊकच नाही.

दुसरे पाऊल डिसेंबर २०२४चे. ज्यांना नेट लागतच नाही, त्यांच्यासाठी फक्त बोलणे आणि एसएमएस असलेला प्लॅन द्या, मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवता येईल, असा आदेश निघाला. बटणांचा फोन वापरणारे सुमारे १५ कोटी लोक देशात आहेत. गावाकडची आजी हौसेने रील पाहत नाही, तिला मुंबईतल्या मुलाचा फोन आला पाहिजे आणि बँकेचा ओटीपी आला पाहिजे. आदेश रास्त होता. त्याचे पुढे काय झाले? एअरटेलचा ८४ दिवसांचा, ६ जीबी डेटासह ५०९ रुपयांचा प्लॅन होता. डेटा काढून घेतला आणि किंमत ठेवली ४९९. ओरड झाल्यावर ती ४६९ झाली. जिओचा ८४ दिवसांचा असाच प्लॅन आधी ४५८ आणि मग ४४८ रुपयांना आला. आदेशाचे शब्द पाळले गेले आणि आजीचे वाचले ते महिन्याला पंधरा रुपयांहूनही कमी. दर ठरवण्याचे स्वातंत्र्य कंपन्यांना आहे, ट्राय त्यात सहसा पडत नाही. या धोरणाची ही दुसरी बाजू. त्यानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये जिओचा रोज एक जीबीचा २४९ रुपयांचा प्लॅन ऑनलाइन यादीतून नाहीसा झाला. खालची पायरीच काढली की दरवाढ जाहीर न करताही दर वाढतो.

कंपन्यांचे म्हणणे ऐकायला हवे. २०२२च्या लिलावात स्पेक्ट्रमवर सुमारे दीड लाख कोटी रुपयांच्या बोली लागल्या, देशभर ५जीचे टॉवर उभे राहिले, आणि एकेकाळी एका जीबीला दोन-अडीचशे रुपये मोजणाऱ्या या देशात आज डेटा जगातल्या अनेक देशांपेक्षा स्वस्त आहे. दर वाढवू नका, असे म्हणण्यात अर्थ नाही. वाढवा, पण वाढवलेला दिसू द्या. अमर्याद ५जीचेच पाहा. जुलै २०२४ पासून जिओ आणि एअरटेल यांनी ते रोज दोन जीबी किंवा त्याहून वरच्या प्लॅनपुरते ठेवले. मेळघाटात किंवा कोकणातल्या एखाद्या वाडीत ४जीची रेंज अंगणात येते नि माजघरात जाते, तिथल्या माणसाने त्या ‘अमर्याद’साठी जादा पैसे का मोजावेत?

आणि खरे तर प्लॅन निवडण्याची सुरुवात रेंजपासूनच व्हायला हवी. एप्रिल २०२५ पासून कंपन्यांना आपापले नेटवर्क कुठे पोहोचते याचे नकाशे संकेतस्थळावर ठेवावे लागतात. नकाशातला रंग भिंतीआड खरा ठरेलच असे नाही, त्यामुळे शेजाऱ्याचा फोन घरात धरून पाहणे अजूनही जास्त भरवशाचे. जुनी कंपनी नको असेल तर नंबर न बदलता बाहेर पडता येते. १९०० वर ‘पोर्ट’ आणि नंबर असा संदेश पाठवायचा, कोड येतो, तो चार दिवस चालतो. मुख्य अट अशी, की त्या कंपनीत ९० दिवस झालेले असावेत. जुलै २०२४च्या दरवाढीनंतर एका महिन्यात बीएसएनएलला सुमारे २९ लाख ग्राहक मिळाले. पुढे तो ओघ आटला, कारण स्वस्त रिचार्जला रेंज लागते. आता सप्टेंबर २०२५ पासून बीएसएनएलचे स्वदेशी ४जी देशभर आले आहे. ते गावोगाव नीट चालले तर खासगी कंपन्यांच्या दरपत्रकावर त्याचा जितका परिणाम होईल, तितका कुठल्याच आदेशाचा होणार नाही.

तोवर ट्रायने दोन गोष्टी सक्तीच्या कराव्यात. प्रत्येक प्लॅनच्या जाहिरातीत आणि अ‍ॅपमध्ये १८ टक्के जीएसटीसह ३० दिवसांचा खर्च एकाच आकाराच्या अक्षरांत छापला जावा. आणि रोजचा कोटा असलेल्या प्रत्येक प्लॅनमध्ये उरलेला डेटा मुदत संपेपर्यंत ग्राहकाच्याच खात्यात राहावा. पैसे त्याने आधी मोजलेले असतात.