मोघम ‘नाकबूल’ आणि बुडालेली बाजू

दिवाणी कोर्टाचें समन्स घरांत आलें कीं आमच्या शेतकरी व कारागीर बांधवांना एकच शब्द सुचतो : ‘नाकबूल’. कागद लिहून देणाराही तोच शब्द चार ओळींत घोळवितो, फी घेतो आणि ‘आतां निर्धास्त राहा’ म्हणून सांगतो. पण या शब्दानें दावा तुटत नाहीं. उलट तो कबूल केल्यासारखा होतो, हें किती घरांना ठाऊक आहे?

सन १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आठव्या आदेशांत हें स्पष्ट लिहिलेलें आहे. वादीची प्रत्येक गोष्ट वेगवेगळी नाकारली पाहिजे. जी स्पष्ट नाकारली नाहीं ती कबूल समजली जाते. सावकार म्हणतो, पांच हजार रोख दिले. त्यावर ‘पांच हजार मिळाले नाहींत’ एवढेंच लिहिलें तर तें उत्तर अपुरें ठरतें. ‘ती रक्कम किंवा तिचा कोणताही भाग मिळाला नाहीं’ असें लिहावें, अथवा खरोखर किती मिळाले तें सांगावें. कैफियतींत सावकाराला शिव्या घातल्या तर सहाव्या आदेशाच्या सोळाव्या नियमानें कोर्ट तो मजकूर काढून टाकूं शकतें. मुदतही थोडी : समन्स पोंचल्यापासून तीस दिवस, आणि सबळ कारण दाखविल्यास नव्वदपर्यंत.

हा नियम मुळांत वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. एखाद्या विणकरानें मजुरीचा दावा आणला आणि व्यापारी ‘सर्व नाकबूल’ म्हणून वर्षानुवर्षें तारखा घेऊं लागला, तर हाच नियम गरिबाच्या उपयोगीं पडतो. वांकडी कैफियत उडवावीच. पण ती वांकडी कोणी केली, हें कोण पाहतो ? खालच्या कोर्टांची भाषा मराठी असतांना कैफियत पुष्कळदां इंग्रजींत लिहिली जाते. तिच्या शेवटीं ‘हें माझ्या माहितीप्रमाणें खरें आहे’ अशी सही सामान्यतः पक्षकाराची असते. ज्याला त्यांतलें एक अक्षर कळत नाहीं तो अंगठा उमटवितो, आणि शेत जातें त्याचें. लिहिणाराची फी मात्र परत जात नाहीं.

नागपुरांत भाड्याच्या गाळ्यांत धंदा करणाऱ्यांनीं आणखी एक ध्यानांत ठेवावें. मालकानें गाळा खाली करून मागितला असतां कोर्टानें ठरविलेलें भाडें दरमहा भरलें नाहीं, तर पंधरा-अ या आदेशाखालीं बचावच काढून टाकतां येतो. मात्र त्याआधीं नोटीस द्यावी लागते, आणि बचाव गेला तरी मालकाच्या साक्षीदारांची उलटतपासणी करतां येते; सर्वोच्च न्यायालयानें १९८८ सालीं तसें ठरविलें आहे. म्हणून घरीं बसून राहूं नये.

१८७५ सालीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांविरुद्ध दंगा केला, तेव्हां सरकारचे डोळे उघडले. पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठीं १८७९ चा कायदा झाला. कुणब्यानें देणें कबूल केलें तरी तें आपले हक्क पुरते समजून केलें कीं काय, याची खात्री झाल्याशिवाय कोर्टाला व्यवहाराच्या मुळापासून हिशेबाची चौकशी टाळतां येत नसे. तो कायदा आज नाहीं. परंतु न नाकारलेली गोष्टही पुराव्यानें सिद्ध करावयास लावण्याचा अधिकार आठव्या आदेशाच्या पांचव्या नियमानें न्यायाधीशाला आजही आहे. निरक्षर प्रतिवादीच्या कामीं तो वापरावा, अशी आमची तालुक्याच्या कोर्टांकडे मागणी आहे.

कैफियत मराठींत लिहवून, दोन माणसांसमक्ष वाचून घेतल्याशिवाय सही करूं नका. स्त्रिया, अनुसूचित जाति-जमातींचे लोक आणि कारखान्यांतील कामगार यांना १९८७ च्या कायद्यानें फुकट वकील मिळतो. इतरांना उत्पन्न मर्यादेच्या आंत असल्यास. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा, आणि तो तीस दिवसांच्या पहिल्याच आठवड्यांत करावा.