‘तक्रार वैयक्तिक स्वरूपाची नाही’

या महिन्याच्या टपालात तीन पाकिटे अशी आली की त्यांतला मजकूर जवळजवळ एकच होता. शहरे वेगळी, संस्था वेगळ्या, विषयही वेगळे : एकीकडे रस्त्यावरचे बंद दिवे, दुसरीकडे आठवडाभर न फिरकलेली कचऱ्याची गाडी, तिसरीकडे तुंबलेली मलवाहिनी. तिन्ही सचिवांनी महापालिकेच्या लोकशाही दिनासाठी विहित नमुन्यात, दोन प्रतींत, पंधरा दिवस आधी अर्ज दिला होता. तिन्ही अर्ज परत आले. शेरा एकच : ‘तक्रार वैयक्तिक स्वरूपाची नाही, सबब अस्वीकृत.’

शेरा मारणाऱ्या लिपिकाला दोष देऊन उपयोग नाही. लोकशाही दिनात कोणते अर्ज घेऊ नयेत याची यादी शासनानेच घालून दिली आहे. न्यायप्रविष्ट प्रकरणे नकोत, महसुली अपिले नकोत, कर्मचाऱ्यांच्या सेवेविषयीचे वाद नकोत. इथवर कुणाची हरकत असायचे कारण नाही, त्या प्रत्येकासाठी दुसरी जागा आहे. पण त्याच यादीत ‘तक्रार वा निवेदन वैयक्तिक स्वरूपाचे नसेल तर’ अशी एक ओळ आहे आणि ती ओळ गृहनिर्माण संस्थेला दारातूनच परत पाठवते.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चे कलम ३६ आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. नोंदणी झाली की संस्था कायद्याने स्वतंत्र व्यक्ती होते : मालमत्ता धारण करते, करार करते, दावा लावते, तिच्यावर दावा लागतो. महापालिकेला हे उत्तम ठाऊक आहे. पाणीपट्टीचे देयक संस्थेच्या नावे येते. रोज शंभर किलोंवर कचरा होतो म्हणून घनकचरा नियमांखाली ओल्या कचऱ्याची विल्हेवाट आवारातच लावा, अशी नोटीस येते, तीही संस्थेच्याच नावे. दंडाची पावती फाडताना ‘ही बाब वैयक्तिक स्वरूपाची नाही’ असे कोणी म्हणत नाही. राज्याच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमात तर ‘पात्र व्यक्ती’ या व्याख्येत कायदेशीर व्यक्तीचाही समावेश केलेला आहे. एक कायदा संस्थेला सेवा मागण्याचा हक्क देतो आणि तेच शासन लोकशाही दिनाच्या सूचनांत तिला गाऱ्हाणे मांडू देत नाही.

आमच्या स्वतःच्या संस्थेचा अनुभव इथे नोंदवतो. तीन सोसायट्यांच्या सामाईक गल्लीत मलवाहिनीचे चेंबर पावसाळ्यात उफाळायचे. मैलापाणी पहिल्या इमारतीच्या पंपघरापर्यंत यायचे. क्षेत्रीय कार्यालयात चार पत्रे दिली, चारही वेळा गाडी येऊन जेटिंग करून गेली आणि आठ-दहा दिवसांत चेंबर पुन्हा भरले. वाहिनीचा व्यास अपुरा आहे, ती बदलावी लागेल, हे कनिष्ठ अभियंता जागेवर उभा राहून तोंडी सांगत होता, लिहून देत नव्हता. लोकशाही दिनाचा अर्ज वर लिहिलेल्या शेऱ्यासह परत आला. मग कमिटीने ठराव केला आणि चौदा सदनिकाधारकांनी आपापल्या नावे चौदा अर्ज भरले. ते स्वीकारले गेले. सुनावणीच्या दिवशी मात्र सर्व अर्ज एकाच विषयाचे असल्याने एकत्रित उत्तर दिले जाईल, असे सांगून सगळे एकाच कागदावर आणले. म्हणजे सार्वजनिक असल्यामुळे जी तक्रार घेतली नाही, ती चौदा माणसांनी वैयक्तिक म्हणून आणली तेव्हा तिला सार्वजनिक ठरवून उत्तर दिले. चौदा माणसांची अर्ध्या दिवसाची रजा गेली, त्यांत रोजावर काम करणारे तिघे होते. वाहिनी त्यानंतर पाच महिन्यांनी बदलली गेली. ती पहिल्या पत्रावरच बदलता आली असती.

अस्वीकृतीच्या यादीतली आणखी एक ओळ तितकीच घातक आहे : ज्या विषयात अंतिम उत्तर दिलेले आहे, त्यावर पुन्हा अर्ज चालत नाही. एका वाचकाने कळवले आहे की त्यांची तक्रार मोबाइल अ‍ॅपवर ‘कार्यवाही पूर्ण’ दाखवून बंद केली गेली. जागेवर कोणी आलेच नव्हते. पुढे लोकशाही दिनात तोच बंद केलेला क्रमांक अंतिम उत्तर म्हणून पुढे करण्यात आला. तक्रार बंद करण्याआधी जागेवरचा फोटो आणि तक्रारदाराची सही घ्यावी, एवढी साधी अट घालायला कोणत्या विधेयकाची गरज आहे? आयुक्तांच्या एका परिपत्रकाने हे होईल. होत नाही, कारण निकाली काढलेल्या तक्रारींचा आकडा बैठकीत दाखवायचा असतो आणि दुरुस्त झालेल्या चेंबरांचा आकडा कोणी मागत नाही.

आता थोडे आपल्याकडे. कार्यालयात येणाऱ्या पत्रांच्या प्रती आम्ही वाचतो आणि वाईट वाटते. लेटरहेड सुरेख, पण जावक क्रमांक नाही. ‘आमच्या भागातील समस्येकडे तातडीने लक्ष द्यावे’ असे वाक्य असते, पण कोणते चेंबर, कोणत्या खांबासमोर, किती तारखांना तुंबले, यातले काही नसते. ठरावाची प्रत जोडलेली नसते. पोच घेतलेली नसते, ‘साहेबांना व्हॉट्सअ‍ॅप केले आहे’ हीच पोच. दरमहा कमिटी सभा घेणे उपविधींनी बंधनकारक आहे, पण किती कमिट्यांच्या इतिवृत्तात महापालिकेच्या प्रलंबित तक्रारींचा स्वतंत्र विषय असतो? पार्किंगच्या वादावर तीन सभा खर्ची पडतात आणि झाड तोडण्याची नोटीस खोडावर लागते तेव्हा हरकतीचे सात दिवस कधी संपले ते कोणाला कळत नाही.

पुण्यात नागरिकांच्या सूचनांतून अंदाजपत्रकात कामे घेण्याची पद्धत २००६ पासून आहे. एका कामाला पाच लाखांची मर्यादा आहे. पदपथ, बाक, दिवे, बसथांब्याचे छत ही कामे त्यात सहज बसतात. अर्ज साधारण पावसाळ्याच्या उत्तरार्धात घेतले जातात. त्याच दिवसांत, ३० सप्टेंबरच्या आत, आपली वार्षिक सर्वसाधारण सभा असते. सभेच्या विषयपत्रिकेत हा एक विषय घातला तर शंभर सभासदांसमोर काम ठरते आणि ठरावासह अर्ज जातो. पुण्यातल्या ज्या वाचकांनी हे एकदाही केलेले नाही, त्यांना रस्ता खराब आहे असे आम्हाला लिहून पाठवण्याचा अधिकार नाही, असे आम्ही स्पष्टपणे म्हणतो.

क्षेत्रसभेचा विषय यापुढे टाळता येणार नाही. २००९ च्या कायदादुरुस्तीने मतदारांची क्षेत्रसभा आणि तिच्या अध्यक्षस्थानी नगरसेवक अशी व्यवस्था केली. मुंबई-पुण्यात मार्च २०२२ पासून नगरसेवकच नव्हते, तेव्हा सभा कोणी घ्यावी हा प्रश्नच उरला नव्हता. १५ जानेवारी २०२६ च्या मतदानानंतर ती सबब संपली. मुंबईबाहेर बहुसदस्यीय प्रभाग आहेत. चार नगरसेवकांपैकी आपल्या इमारतीचे क्षेत्र कोणाकडे, हे विचारले की चौघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. म्हणून हे तोंडी विचारू नका. नगरसचिवांना संस्थेच्या नावे पत्र द्या आणि क्षेत्रनिश्चितीचा आदेश मागा. आदेश निघालेलाच नसेल तर तेही लेखी घ्या.

लोकशाही दिनाची ती ओळ मात्र रद्दच झाली पाहिजे. ‘नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्थेने व्यवस्थापन समितीच्या ठरावासह केलेली तक्रार वैयक्तिक समजण्यात यावी’ एवढे एक वाक्य शासनाने घालावे. त्यासाठी सामान्य प्रशासन विभागाकडे निवेदन द्यायचे आहे आणि ते भावनेवर चालणार नाही, कागदावर चालेल.

या अंकाच्या शेवटच्या पानावर ठरावाचा नमुना छापला आहे. तो तुमच्या पुढच्याच कमिटी सभेत मंजूर करा, सूचक-अनुमोदकांच्या सह्यांसह त्याची प्रत आमच्याकडे पाठवा. ज्यांचे अर्ज परत आले आहेत त्यांनी परत आलेल्या कागदाची छायाप्रत पाठवावी. दोन्ही बाजूंची पाठवा, शेरा बहुधा मागच्या बाजूला असतो. आवक क्रमांक आणि तारीख वाचता येईल याची खात्री करा. आजवर आमच्याकडे असे तीनच कागद आहेत, आणि तीन कागदांवर मंत्रालयात कोणी खुर्चीतून उठत नाही.