प्रत, बनावट आणि सहा तारा

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि तेव्हापासून 'अभिजात' हा शब्द सभासंमेलनांतून, फलकांवरून, अगदी शुभेच्छापत्रांतूनही सर्रास वावरू लागला. या शब्दाचा मूळ अर्थ चांगल्या कुळात जन्मलेला. इंग्रजीतल्या 'क्लासिक' या शब्दासाठी आपण तोच योजतो. आता गंमत अशी, की जगभरचे वादक 'क्लासिक' हे विशेषण ज्या वस्तूंना मोठ्या ममत्वाने लावतात त्यांत इलेक्ट्रिक गिटारीच्या दोन-तीन जाती आहेत. आणि त्यांतल्या सर्वांत प्रसिद्ध जातीचे कूळ पाहू गेले तर ते एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात सापडते. या विसंगतीतच प्रस्तुत लेखाचा विषय दडलेला आहे. अभिजात वाद्याची परवडणारी प्रत विकत घ्यावी की नाही, आणि घ्यायची तर ती कशी पारखावी, हा तो विषय.

हा प्रश्न मोठ्या शहरातच पडतो असे कोणी समजू नये. लोहाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावीही तो पडतो. सोयाबीनचे पैसे हाती आल्यावर घरच्यांच्या मागे लागून त्यातले काही गिटारीसाठी राखून ठेवणारी मुले आमच्या वर्गांतून बसतात. अमेरिकन बनावटीची फेंडर स्ट्रॅटोकास्टर आज लाखाच्या पुष्कळ वर जाते. त्याच कंपनीची 'स्क्वायर' या नावाने विकली जाणारी गिटार साधारण वीस हजारांच्या आसपास सुरू होते. आणि ज्यांवर धड कोणाचे नावही नाही अशा गिटारी त्याहूनही स्वस्तात मिळतात. अशा वेळी मुलाला दोन प्रकारचे सल्ले ऐकावे लागतात. एक पक्ष म्हणतो, घ्यायची तर अस्सल घे, नाहीतर नाद सोड. दुसरा म्हणतो, शिकायलाच तर हवी, काहीही चालेल. हे दोन्ही सल्ले सारखेच चुकीचे आहेत, असे माझे मत आहे. पहिल्यात परिस्थितीचे भान नाही आणि दुसऱ्यात वाद्याचे.

मराठी भाषेने या बाबतीत आपल्याला दोन मोठे अर्थगर्भ शब्द देऊन ठेवले आहेत. पहिला 'प्रत'. पुस्तकाची प्रत म्हणजे त्याची नक्कल. पण 'उत्तम प्रतीचा गहू' म्हणताना तोच शब्द गुणवत्ता सांगतो. दुसरा 'बनावट'. दागिन्याची बनावट नाजूक आहे, असे आपण कौतुकाने म्हणतो आणि नोट बनावट निघाली, असे संतापाने. घडण आणि फसवणूक या दोन्ही टोकांना एकच शब्द पुरतो. गिटार घेऊ पाहणाऱ्याचा सारा गोंधळ या दोन शब्दांच्या दुहेरी अर्थांत मावतो. नक्कल म्हणजे हलकी प्रत, आणि स्वस्त म्हणजे बनावट, असे समीकरण आपण न तपासता मांडून मोकळे होतो.

मुळात ही गिटार कशी जन्मली ते पाहावे. कॅलिफोर्नियातील फुलर्टन या गावी लिओ फेंडर यांचे रेडिओदुरुस्तीचे दुकान होते. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. वादक त्यांच्याकडे बिघडलेली यंत्रे घेऊन येत, तक्रारी सांगत, आणि ते त्या तक्रारींतून वाद्य घडवत. १९५४ साली आलेल्या स्ट्रॅटोकास्टरचे शरीर म्हणजे कापून, घासून गोलाई दिलेली लाकडाची भरीव फळी. तिला दांडी, म्हणजे वादक जिला नेक म्हणतात ती, चिकटवलेली नसून स्क्रूंनी आवळलेली. दांडी वाकली वा झिजली तर काढावी आणि दुसरी बसवावी, हा त्यामागचा सरळ हिशेब. तारांखाली लोहचुंबक आणि तांब्याच्या बारीक तारेची वेटोळी असलेले तीन पिकअप. तार थरथरली की त्यांत विजेचा क्षीण प्रवाह निर्माण होतो आणि अँप्लिफायर तो मोठा करून ऐकवतो. त्या वेळी ट्रेमोलोसह तिची किंमत होती २४९ डॉलर ५० सेंट. थोडक्यात, पहिल्या दिवसापासून ही गिटार पुन्हा पुन्हा, एकसारखी, वेगळ्या हातांनीही बनवता यावी अशाच बेताने रचलेली आहे.

याच्या शेजारी आपल्या मिरजेचा तंबोरा ठेवून पाहावा. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील कारागीर एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळले आणि मिरज हे सतार-तंबोऱ्याचे माहेरघर झाले. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भागातला भोपळा वाळवून, त्याचा आकार पाहून, त्याला जुळेल अशी तुणीच्या लाकडाची दांडी कोरायची. घोडीची जवारी कानाने ऐकत घासायची. एक भोपळा दुसऱ्यासारखा नसतो, म्हणून एक तंबोराही दुसऱ्यासारखा नसतो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले ते योग्यच झाले, कारण तिथे स्थळ, कारागीर आणि वस्तू यांची ताटातूट करता येत नाही.

साहित्याच्या परिभाषेत सांगायचे तर मिरजेचा तंबोरा हे हस्तलिखित आहे आणि स्ट्रॅटोकास्टर हे छापील पुस्तक. हस्तलिखिताच्या बाबतीत 'मूळ कोणते' हा प्रश्न सार्थ असतो. छापील पुस्तकाच्या बाबतीत तो फारसा सार्थ नसतो. तिथे विचारायचे ते असे, की छपाई शुद्ध आहे का, पाने क्रमवार आहेत का, बांधणी टिकेल का. शिवाय हस्तलिखितांच्या जगातही मुळाचा अट्टहास फार काळ चालत नाही. ज्ञानेश्वरीची मूळ पोथी आज कोणापाशी आहे? शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी उपलब्ध प्रती ताडून पाहिल्या, अपपाठ दूर केले आणि पाठ शुद्ध केला. त्यांनी प्रत नाकारली नाही, प्रत तपासली. गिटार घेणाऱ्यानेही नेमके हेच करावे, असे मला सुचवायचे आहे.

परवडणाऱ्या प्रतींचा इतिहासही अपमानास्पद नाही. १९६५ साली सीबीएस या कंपनीने फेंडर विकत घेतली आणि पुढच्या काळात तिच्या कामाचा दर्जा घसरल्याची तक्रार वादकांत पसरली. सत्तरच्या दशकात जपानी कारखाने त्याच नमुन्याच्या गिटारी इतक्या नेटकेपणाने बनवू लागले, की मूळ कंपनीलाच धास्ती पडली. अखेर १९८२ साली फेंडरने जपानमध्ये स्वतःची शाखा उभारली आणि आपल्या ताब्यात असलेल्या, पूर्वी तारा बनवणाऱ्या 'स्क्वायर' या कंपनीचे नाव स्वस्त गिटारींना दिले. त्या पहिल्या जपानी स्क्वायर आज संग्राहक शोधत फिरतात. दुसरी अभिजात जात म्हणजे गिब्सनची १९५२ सालची लेस पॉल. तिची परवडणारी प्रत 'एपिफोन' या नावाने मिळते. आणि एपिफोन ही तर एके काळी गिब्सनची तोलामोलाची प्रतिस्पर्धी होती. १९५७ साली गिब्सनच्या मालकांनी ती विकत घेतली. म्हणजे ज्या नावाला आज दुय्यम समजले जाते, ते नाव पूर्वी बरोबरीने उभे होते.

इथे एक भेद मात्र काटेकोरपणे करायला हवा. स्क्वायर वा एपिफोन आपले नाव कपाळावर लिहून येतात. त्या प्रती आहेत आणि तसे सांगतात. काही गिटारींवर मात्र नाव फेंडरचे वा गिब्सनचे असते आणि आत भलतेच काही असते. ती वाङ्मयचौर्याची जात. तिच्यात पैसा वाद्याला न जाता खोट्या नावाला जातो. त्यापेक्षा एखाद्या भारतीय वा अनोळखी कंपनीची, पण स्वतःच्या नावाने विकली जाणारी गिटार केव्हाही बरी.

आता मुद्रितशोधनाकडे वळू. कारखानदार किंमत कमी करतो तेव्हा तो कुठेतरी हात आखडता घेतो: लाकूड साधे, पिकअपमधले चुंबक स्वस्त, खुंट्या हलक्या, आणि सर्वांत मुख्य म्हणजे माणसाच्या हाताचे तास कमी. त्यामुळे दुकानात रंग आणि चकाकी यांकडे शेवटी पाहावे. प्रथम दांडी डोळ्याच्या रेषेत धरून ती पिळलेली नाही ना ते पाहावे. मग दांडीच्या दोन्ही कडांवरून बोट फिरवावे. फ्रेटांची टोके बोचत असतील तर घासणी नीट झालेली नाही. आपल्या मराठवाड्यातल्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसते आणि ही टोके आणखी बाहेर येतात, म्हणून हे विशेष पाहावे. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवून कुठे खरखर होते का ते ऐकावे. बाराव्या फ्रेटवर तार दाबून येणारा स्वर आणि त्याच जागी बोट नुसते टेकवून काढलेला स्वर, हे दोन्ही जुळायला हवेत. न जुळल्यास घोडीवरचे स्क्रू फिरवून ते जुळतात का, हे दुकानदाराला करून दाखवायला सांगावे. तार दोन-चार वेळा जोराने ओढून ती सुरात परत येते का ते पाहावे. शेवटी अँपला जोडून बटणे फिरवावीत आणि कुरकुर ऐकू येते का याकडे कान द्यावा.

या चाचण्यांना एकही रुपया लागत नाही, पण वाद्य हातात घ्यावे लागते. लोहाऱ्याहून त्यासाठी सोलापूर वा लातूर गाठावे लागते, निवड हवी असेल तर पुणे वा हैदराबाद. घरपोच मागवणे सोपे आहे खरे. परंतु मग परत करण्याची मुदत नीट वाचून घ्यावी आणि जाणत्या वादकाकडून त्या मुदतीतच तपासणी करून घ्यावी. हाताशी असलेली सारी रक्कम गिटारीवर उधळू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. लहान अँप, तारांचा जादा संच आणि एकदा जाणकाराकडून तारांची उंची व स्वर बसवून घेणे, यांसाठी काही भाग राखून ठेवावा. नीट बसवलेली स्वस्त गिटार, न बसवलेल्या महाग गिटारीपेक्षा शिकणाऱ्याच्या अधिक कामाची असते. पुढे पैसे आलेच तर पिकअप, खुंट्या बदलता येतात. स्क्रूंनी जोडलेल्या वाद्याचा हाच तर गुण.

'काहीही चालेल' हा सल्ला मला घातक वाटतो तो याच कारणाने. ज्या गिटारीच्या तारा दांडीपासून बोटभर उंच आहेत, जी दर पाच मिनिटांनी सुरातून उतरते, ती गिटार विद्यार्थ्याला असे पटवते की आपल्या बोटांतच ताकद नाही, आपल्याला कानच नाही. अशुद्ध छापलेले पाठ्यपुस्तक वाचून एखाद्याने स्वतःला मठ्ठ समजावे तसे हे आहे. घरचे कष्टाचे पैसे गेले हे नुकसान मोठेच, पण मुलाने स्वतःविषयी चुकीचा निष्कर्ष काढला हे त्याहून मोठे.

यावर कोणी म्हणेल, की ही परकी वाद्ये हवीतच कशाला? तुळजापूरच्या वाटेवर गोंधळ्याच्या हातातले तुणतुणे एका तारेवर रात्र जागवते. तुणतुण्याचा मान मला पूर्ण मान्य आहे. परंतु हार्मोनियमही युरोपातूनच आले, आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत त्याला दाराबाहेर ठेवले, आणि तरीही भजनी मंडळापासून संगीत नाटकापर्यंत ते आपले झाले. आमच्या वराती आणि गणेश विसर्जने ज्याच्यावाचून पार पडत नाहीत त्या बेंजोची कथा तर आणखी बोलकी. त्याचे मूळ १९१२ साली जपानमधील नागोया येथे निघालेल्या, टंकलेखनयंत्रासारख्या कळा असलेल्या तंतुवाद्यात आहे. आपल्याकडच्या कलाकारांनी त्यावर पिकअप बसवला, कर्णा जोडला आणि त्याला मराठी गाणे शिकवले. आमच्या भागातली पहिली इलेक्ट्रिक गिटार म्हणायची तर ती हीच.

राहता राहिला अस्सलतेचा मुद्दा. महागड्या वाद्यात फरक असतो, तो नाकारण्यात अर्थ नाही. रोज रंगमंचावर उभ्या राहणाऱ्याला तो फरक पैशाच्या मोलाचाही असतो. पण एरिक क्लॅप्टन यांची 'ब्लॅकी' ही गिटार २००४ साली लिलावात ९ लाख ५९ हजार ५०० डॉलरना गेली, ती तीन जुन्या स्ट्रॅटोकास्टरांचे सुटे भाग एकत्र करून जोडलेली होती. पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरी यांच्या क्वीन या वाद्यवृंदातील ब्रायन मे यांनी तर १९६३ साली वडिलांच्या मदतीने स्वतःची गिटार बनवायला घेतली. तिची दांडी एका जुन्या शेकोटीच्या लाकडातून निघाली. आयुष्यभर ते तीच वाजवत आले. कुलीनतेचा दाखला या दोन्ही वाद्यांना वाजवणाऱ्यांनी मिळवून दिला.

तेव्हा वीस हजारांची गिटार घेणाऱ्या मुलाला आम्ही शिक्षकांनी निदान लाजवू नये. युवक महोत्सवांत पाश्चात्त्य वाद्यवादनाची स्पर्धा असते आणि ग्रामीण महाविद्यालयांची मुले तिथे पुष्कळदा प्रेक्षकांत बसलेली दिसतात. सांस्कृतिक विभागाने नीट पारखून दोन स्क्वायर आणि एक अँप घेतला, वर्षातून एकदा तारा बदलल्या आणि ग्रंथालयातल्या पुस्तकांसारखी ती वाद्ये मुलांना वापरायला दिली, तर हा खर्च एका स्नेहसंमेलनाच्या मंडपाहून फार जास्त होणार नाही. यंदाच्या अंदाजपत्रकात ही मागणी मांडायला काय हरकत आहे?