जुनें घर आणि नवी शेगडी

श्रावणांतील एका सोमवारीं आमच्या घरीं घडलेला प्रसंग वाचकांच्या कानांवर घालणें आम्हांस अगत्याचें वाटतें. २००० वॉटची इंडक्शन शेगडी नुकतीच घरांत आली होती. तिच्यावर साबुदाण्याची खिचडी चालली होती आणि न्हाणीघरांत गीझर सुरू होता. इतक्यांत मातुःश्री देवघरांतून म्हणाल्या, "अरे, कांहीं तरी जळतें आहे, आणि तें खिचडी करपल्याचें नव्हे." पाहतों तों भिंतीवरील सॉकेटची कड तपकिरी पडलेली आणि तारांवरील लांकडी पट्टी हातास चटका देणारी! घर सागवानी तुळयांचें. घटकाभर कोणाचें लक्ष गेलें नसतें तर काय ओढवलें असतें, ही कल्पनाहि नकोशी वाटते.

दोष शेगडीचा नव्हता, आमचा होता. २३० व्होल्टवर २००० वॉटची शेगडी पुऱ्या जोरानें चालली म्हणजे सुमारें ८.७ अँपिअर प्रवाह घेते. ३५०० वॉटची असेल तर तोच १५ अँपिअरांवर जातो. आमचें सॉकेट दिव्या-पंख्यांसाठीं बसविलेलें, ६ अँपिअरचें. म्हणजे फार तर १३८० वॉटचें. शेगडीच्या जाड पिना त्यांत शिरेनात, तेव्हां आम्हीं मध्यें एक जोड घालून त्या बसविल्या. पिना शिरत नव्हत्या हीच सूचना होती, ती आम्हीं ऐकिली नाहीं. प्रवाह दुप्पट झाला कीं तारेंतील उष्णता चौपट होते, आणि सांधा सैल असला तर सारी आंच तेथेंच एकवटते.

याहून लाजिरवाणी गोष्ट पुढेंच आहे. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यांत पूर्वीं केव्हां तरी जाड तार घालून ठेविली होती. फ्यूजची तार वितळते ती घर वाचावें म्हणून. तिला वितळूंच न देणें म्हणजे पहारेकऱ्याचें तोंड बांधून निश्चिंत निजणें होय.

नवी शेगडी त्याज्य आहे, असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. फॅरडे यांनीं १८३१ मध्यें दाखविलेल्या तत्त्वावर ती चालते. कांचेखालच्या वेटोळ्यामुळें भांड्याच्या बुडांतच प्रवाह उत्पन्न होऊन भांडें स्वतः तापतें. ज्वाळा नाहीं, धूर नाहीं. मात्र आजेसासूबाईंच्या वेळचीं तांब्यापितळेचीं पातेलीं तिच्यावर तापत नाहींत. बुडाला चुंबक घट्ट चिकटला तरच तें भांडें उपयोगी, ही परीक्षा सोपी आहे.

आतां कर्तव्य काय तें सांगतों. मुख्य फळ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र तार आणावी; तिला १६ अँपिअरचें सॉकेट व तेवढ्याचाच एमसीबी असावा. अर्थिंग तपासून घ्यावें. गळणारा प्रवाह ३० मिलिअँपिअर होतांच वीज तोडणारें आरसीसीबी बसवावें. विजेच्या देयकावरील मंजूर भार पुरेसा आहे कीं नाहीं तें पाहावें. हें सर्व परवानाधारक कारागिराकडूनच करवावें, आणि तोंपर्यंत शेगडी बंद ठेवावी. आंच कमी ठेवून चालेल असेंहि समजूं नये; कित्येक शेगड्या मंद आंचेसाठीं मोठा प्रवाह थांबून थांबून घेत असतात.

आमच्या घरीं तारा बदलण्याची गोष्ट कित्येक वर्षें निघत होती. परंतु वाडा सामाईक, भिंत कोणाची आणि खर्च कोणाचा या वादांत ती प्रत्येक वेळीं मागें पडे. त्या संध्याकाळीं उपास सोडण्यापूर्वीं मातुःश्रींनीं तें जळकें सॉकेट ताटांच्या मध्यें आणून ठेविलें आणि एवढेंच विचारलें, "आग लागेल तेव्हां ती कोणाच्या वांट्याची?" कोणीं उत्तर दिलें नाहीं. जेवणें उरकण्यापूर्वीं खर्चाचे समान भाग ठरले होते.