पदवीधर आणि संस्थेची खुर्ची

मुलगा पदवीधर झाला, की नोकरीच्या पत्राबरोबरच किंवा त्याच्याही आधी घरी आणखी एक बोलावणे येते. गावातील वाचनालय, गरीब विद्यार्थ्यांचे वसतिगृह, एखादी शाळा चालविणारी मंडळी किंवा ज्ञातीचा शिष्यवृत्तीनिधी यांपैकी कोणीतरी वडिलांस गाठून म्हणतात, "आपल्या चिरंजीवांस आमच्या कार्यकारी मंडळावर द्या." वडील माणसांस धन्यता वाटते आणि होकार तेथल्या तेथे जातो. त्या खुर्चीवर बसणाराने कोणती तयारी करावी, याचा विचार मात्र सहसा होत नाही. तो आज येथे करावा असे आम्ही योजिले आहे.

'अजून पोरवय आहे' ही सबब आम्हांस मान्य नाही. ऑक्टोबर १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, तेव्हा टिळक व आगरकर हे दोघेही अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते. गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्याच वर्षी बी. ए. ची पदवी घेतली, १८८६ मध्ये ते सोसायटीचे आजीव सभासद झाले आणि १८९० मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, सार्वजनिक सभेचे चिटणीस झाले. हिशेब, पत्रव्यवहार आणि सभांचे इतिवृत्त यांतूनच त्यांचे सार्वजनिक शिक्षण झाले.

परंतु याच उदाहरणाची दुसरी बाजूही ध्यानात ठेविली पाहिजे. आजीव सभासदाने आपला सर्व वेळ सोसायटीसच द्यावा, असा टिळकांचा आग्रह होता. या व अशा इतर प्रश्नांवर मतभेद आधीपासून वाढतच होते. गोखल्यांनी सभेचे चिटणीसपद स्वीकारले हे त्यास शेवटचे निमित्त झाले आणि १८९० च्या अखेरीस टिळक सोसायटीतून बाहेर पडले. गोखले तर पुढे १९०२ पर्यंत फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवीत राहिले. कोणाची बाजू खरी, हा वाद येथे उकरून काढण्याचे कारण नाही. सभासदाच्या वेळावर संस्थेचा हक्क किती, हा प्रश्न त्या थोर पुरुषांस जिवाभावाचे संबंध तुटण्याइतका महत्त्वाचा वाटला, एवढेच आमच्या तरुण वाचकांनी लक्षात घ्यावे. आज एकच गृहस्थ पाच संस्थांच्या पत्रकांवर झळकतात आणि पाचांपैकी चारांच्या सभेस गैरहजर असतात. महिन्यातील एक पुरता रविवार देणे शक्य नसेल, तर खुर्ची नम्रपणे नाकारावी. त्यात कमीपणा मुळीच नाही.

होकार देण्यापूर्वी तीन गोष्टी मागून घ्याव्यात: संस्थेची घटना, मागील तीन वर्षांचे तपासलेले हिशेब आणि सभांचे इतिवृत्त. महाराष्ट्रातील पुष्कळ संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली अशा दुहेरी नोंदलेल्या असतात. मंडळात बदल झाला म्हणजे नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीस तो कळवावा लागतो. जुनी नावे तशीच दप्तरी राहिल्यामुळे पुढे अधिकार कोणाचा यावरून तंटे माजतात. यास्तव आपली निवड नोंदविली गेली की नाही, हे नव्या सभासदाने स्वतः विचारावे.

खरी कसोटी लागते ती सभेत. समजा, वसतिगृहाची मोक्याची जागा दीर्घ मुदतीने भाड्याने देण्याचा ठराव आला आहे. अध्यक्ष हे वडिलांचे जुने स्नेही, लहानपणापासून ज्यांना काका म्हटले ते. कागद फिरत फिरत आपल्यापुढे येतो आणि सर्वांच्या सह्या झालेल्या असतात. अशा जागेची विक्री किंवा तीन वर्षांहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा करावयाचा तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ती मागितली आहे काय? दुसऱ्या कोणाकडून भाव घेतला काय? हे प्रश्न त्या क्षणी विचारावयास जीभ रेटत नाही, कारण आमच्या घरांतून वडीलधाऱ्यांस उलट प्रश्न न करण्याचे वळण लागलेले असते. आमचे म्हणणे असे, की नमस्कार वाकून करावा, पण सही वाचल्यावाचून करू नये. "काका, हे मला नीट समजले नाही, पुढील सभेपर्यंत कागद पाहू द्या," एवढे म्हणण्याने कोणाचाही अवमान होत नाही. तरीही ठराव रेटला गेला, तर आपला विरोध इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. ज्या विद्यार्थ्यांच्या डोक्यावरील छप्पर त्या कागदावर अवलंबून असते, ते त्या सभेत बसलेले नसतात. त्यांच्या वतीने बोलणारा तेथे कोणीतरी हवा.

हाच नियम आपल्या घरासही लावावा. संस्थेची छपाई चुलत्यांच्या छापखान्याकडे जाणार असेल, तर नाते उघड सांगून त्या विषयापुरते मतदानातून दूर राहावे. तसेच सभेच्या टेबलाबाहेरही संस्था पाहावी. वसतिगृहातील मुलांच्या पंगतीस एकदा जेवावयास बसले, तर जे कळते ते वार्षिक अहवालात सापडत नाही.

घरच्या मंडळींसही दोन शब्द सांगावयाचे आहेत. मुलाचे सभासदत्व हा लग्नाच्या माहितीपत्रकातील दागिना समजू नये, आणि सभेच्या दिवशी त्यास इतर कामांस जुंपू नये. नोकरीनिमित्त तो बंगळूरास किंवा परदेशी गेला आणि काम होईनासे झाले, तर नाव अडकवून न ठेवता रीतसर राजीनामा द्यावा. कन्या पदवीधर असेल, तर तिलाही हीच संधी व हीच जबाबदारी असावी. जमाखर्चाची वही मुलगा व मुलगी असा भेद जाणत नाही.

आमच्या आजोबा-पणजोबांनी मूठमूठ वर्गणी गोळा करून उभ्या केलेल्या संस्था आज पुरेसे सभासद हजर नाहीत म्हणून तहकूब होणाऱ्या सभांनी खिळखिळ्या होत आहेत. त्या सांभाळावयास तरुण मंडळी हवीतच. ज्या घरी असे बोलावणे आले असेल, तेथील वडिलांनी प्रथम संस्थेची घटना मागवून घ्यावी, मुलाजवळ बसून ती वाचावी, आणि मगच उत्तर धाडावे, एवढीच आमची विनंती आहे.